सुट्टीआधी सर्व्हर बंद करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. औद्योगिक वसाहतीतला कारखाना दिवाळीत पाच दिवस बंद राहणार आहे, सर्व्हर रूमचा एसीही बंद असेल. तिथे दोन सर्व्हर, एक नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायची डिस्कची पेटी) आणि एक यूपीएस आहे. एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एकाच सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारी सिस्टिम) आणि त्यात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेली मशीन, दुसऱ्यावर उबुंटू लिनक्स आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. स्टोअर आणि बिलिंगचा सगळा डेटा त्या पोस्टग्रेसमध्ये. हे काम आधी बघणारे नोकरी सोडून गेले आणि जबाबदारी विचारणाऱ्याकडे नुकतीच आली. ‘समोरचं बटण दाबून बंद केलं तर चालेल का? आणि यूपीएस आहे म्हणजे वीज गेली तरी तो सगळं सांभाळून घेईल ना?’

आधी या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं. बटण एकदा दाबून लगेच सोडलंत, तर आजचा लिनक्स किंवा विंडोज सर्व्हर साधारणपणे ती बंद होण्याची सूचना समजतो आणि रीतसर बंद होतो. तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरलंत तर मशीनची वीजच तुटते, ऑपरेटिंग सिस्टिमला काही कळतसुद्धा नाही. घाईतल्या माणसाचं बोट बटणावर जरा जास्तच वेळ राहतं, हे मी पुष्कळदा बघितलंय. म्हणून बटणाचा नाद सोडा, कमांड देऊन बंद करा. आणि यूपीएसमधून सर्व्हरकडे पॉवर केबलशिवाय दुसरी कुठलीच केबल जात नसेल, तर यूपीएस तुम्हाला फक्त थोडा वेळ देतो. सर्व्हर बंद करण्याचं काम तो करत नाही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतोय? बरीच वर्षं झाली, एका कारखान्याचं काम माझ्याकडे होतं. खंडेनवमीच्या सकाळी शॉपमधली सगळी यंत्रं पूजेसाठी थांबवायची, पुसायची, म्हणून इलेक्ट्रिशियनने मेन पॅनेलवरून लाईन बंद केली. त्याचं काही चुकलं नव्हतं, दरवर्षी तो तेच करायचा. पण त्या वर्षी सर्व्हर रूम शॉपच्या बाजूला हलवली होती आणि तिची लाईन त्याच पॅनेलवर आली होती. कुलूपबंद खोलीत यूपीएस ओरडत राहिला. चाळीस मिनिटं चालेल असं आम्ही धरून होतो, चार वर्षं जुन्या बॅटऱ्यांनी नऊ मिनिटं दिली. त्यातून रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) छोटी बॅटरी मेलेली, आणि तरीही वेग कमी होऊ नये म्हणून कुणीतरी राईट-बॅक कॅश (लिखाण आधी कार्डाच्या तात्पुरत्या मेमरीत साठवण्याची सोय) जबरदस्तीने चालू ठेवलेली. वीज गेली तेव्हा त्या कार्डाच्या मेमरीत जे होतं ते तिथेच संपलं. डेटाबेस उठला नाही. आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला, आणि त्यानंतरची प्रत्येक नोंद कागदावरून परत भरावी लागली. स्टोअरमधले एक काका चलनांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसले. ते नंबर वाचत होते, मी टाईप करत होतो. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसला होता.

त्या दिवसापासून मी कुणालाही आधी एकच गोष्ट समजावतो: ‘सेव्ह झालं’ म्हणजे डिस्कवर पोचलं असं नाही. प्रोग्रॅम फाईल लिहितो तेव्हा लिनक्स ती आधी रॅममध्ये ठेवून घेतो आणि ‘झालं’ म्हणतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये साधारण दर पाच सेकंदांनी एक प्रक्रिया जागी होते आणि तीस सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्ककडे पाठवते. तिथून पुढे रेड कंट्रोलरची स्वतःची कॅश, त्याच्या पुढे डिस्कची स्वतःची कॅश. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी ‘लिहिलं’ असं सांगून मोकळा झालेला असतो. डेटाबेस या बाबतीत जास्त काटेकोर असतो, तो प्रत्येक व्यवहार कायम करताना मजकूर खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री मागतो. पण खालचा कंट्रोलर किंवा स्वस्तातली एसएसडी खोटं ‘हो’ म्हणाली तर त्याचाही इलाज चालत नाही. महागड्या सर्व्हर एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातलं लिहून संपवण्यापुरते कपॅसिटर असतात. घरगुती एसएसडीत बहुधा नसतात. जुने युनिक्सवाले मशीन बंद करण्याआधी ‘सिंक’ ही कमांड तीन वेगळ्या ओळींवर तीनदा टाईप करायचे. पहिल्या ओळीने लिखाण सुरू व्हायचं, आणि उरलेल्या दोन ओळी टाईप होईपर्यंत डिस्कला ते पुरं करायला वेळ मिळायचा.

आता तुमच्याकडे येऊ. खरं काम बंद करण्याच्या दिवशी नसतं, त्याच्या आठवडाभर आधी असतं. कारण हे सर्व्हर कुणी, कधी, काय करून चालू ठेवलेत हे तुम्हाला माहीत नाही. उबुंटूवर ‘अपटाईम’ कमांड देऊन बघा, मशीन न थांबता किती दिवस चालू आहे ते कळेल. आकडा चारशे-पाचशे दिवसांचा निघाला तर आनंद मानू नका. त्याचा अर्थ एवढाच, की हे मशीन आपणहून पुन्हा उठतं का, हे इतक्या दिवसांत कुणीही तपासलेलं नाही. या काळात कुणीतरी एखादी सर्व्हिस हाताने चालू केलेली असते, पण ती बूटच्या वेळी चालू व्हावी म्हणून ‘एनेबल’ केलेली नसते. फायरवॉलचा एखादा नियम फक्त मेमरीत असतो. एखादी स्क्रिप्ट कुणाच्या तरी ‘स्क्रीन’ सेशनमध्ये (माणूस बाहेर पडला तरी चालू राहणाऱ्या) दोन वर्षं पळत असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘एफएसटॅब’ फाईलमध्ये (बूटच्या वेळी कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) एक चुकीची ओळ पडून असते, जी पुढच्या बूटपर्यंत कुणाला त्रास देत नाही. बूट झालं की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं आणि नेटवर्कवरून हाताला लागत नाही. ‘फाईंडमाउंट’ कमांडला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय दिला तर ही फाईल न बूट करता तपासता येते. ते जरूर करा.

म्हणून माझा आग्रह आहे: सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात, एका संध्याकाळी, बॅकअप घेतल्यानंतर दोन्ही सर्व्हर एकेक करून रीबूट करा. काही अडलं तर दुरुस्त करायला माणसं हाताशी असतील, दुकानं उघडी असतील. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी सगळा कारखाना दारात उभा असताना अडलं, तर तेवढी शांतता मिळणार नाही. बॅकअपबद्दल एवढंच सांगतो, की तो दुसऱ्या मशीनवर एकदा उघडून बघा. आणि त्याची एक प्रत नॅसच्या बाहेर ठेवा. वर्षानुवर्षं अखंड फिरणाऱ्या हार्डडिस्क थंड पडल्यावर कधीकधी पुन्हा फिरत नाहीत.

बंद करायच्या दिवशीचा क्रम माणसांपासून सुरू होतो. उबुंटूवर ‘हू’ कमांड दिलीत तर फक्त सर्व्हरवर थेट लॉगिन केलेले लोक दिसतात. बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडून बसलेली माणसं त्यात दिसणारच नाहीत. ती पोस्टग्रेसच्या ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’ या व्ह्यूमध्ये बघा: कोण जोडलेलं आहे, कुठल्या मशीनवरून, कुणाचा व्यवहार अर्धवट उघडा आहे. त्या माणसाला फोन करा. ‘ताई, तुमची एंट्री सेव्ह करून बाहेर पडता का?’ एवढ्या एका वाक्याने पुढचा बराच त्रास वाचतो. रात्रीचा बॅकअप किंवा महिनाअखेरचा रिपोर्ट चालू नाही ना, तेही इथेच कळतं.

त्यानंतर नियम सोपा आहे. जो दुसऱ्यावर अवलंबून आहे तो आधी बंद, ज्याच्यावर अवलंबून आहेत तो शेवटी. तुमच्याकडे प्रॉक्समॉक्समधली ॲप्लिकेशनची मशीन पोस्टग्रेसवर अवलंबून आहेत आणि दोन्ही सर्व्हर नॅसवर. म्हणजे आधी व्हर्च्युअल मशीन, मग प्रॉक्समॉक्सचा सर्व्हर, मग पोस्टग्रेस, मग उबुंटू, मग नॅस, त्यानंतर नेटवर्क स्विच. नॅस आधी बंद केलात तर उबुंटू त्याचं फोल्डर सोडायला जाईल, नॅस उत्तर देणार नाही आणि सर्व्हर बंद होता होता अडकून बसेल.

व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत ‘शटडाऊन’ आणि ‘स्टॉप’ ही दोन बटणं नीट वाचा. ‘शटडाऊन’ म्हणजे आतल्या सिस्टिमला विनंती, ‘स्टॉप’ म्हणजे प्लग ओढणं. प्रॉक्समॉक्स विनंती केल्यावर साधारण १८० सेकंद वाट बघतो. विंडोजचं मशीन अपडेट बसवत असेल तर तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून पूर्ण सर्व्हर बंद करण्याआधी चारही मशीन एकेक करून हाताने बंद करा आणि प्रत्येक बंद झाल्याचं डोळ्यांनी बघा. आत गेस्ट एजंट (प्रॉक्समॉक्सचे निरोप ऐकणारा छोटा प्रोग्रॅम) नसेल तर तो बसवून घ्या, त्याने विनंती जास्त खात्रीने पोचते.

पोस्टग्रेस मी नेहमी वेगळा, आधी बंद करतो. सर्व्हरबरोबर तोही आपोआप बंद होतो हे खरं. पण वेगळा बंद केला की तो कसा बंद झाला हे शांतपणे बघता येतं. त्याच्या बंद होण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ‘स्मार्ट’ जोडलेले सगळे जण आपणहून बाहेर पडेपर्यंत थांबतो, म्हणजे कुणी एक माणूस सॉफ्टवेअर उघडं ठेवून गावाला गेला असेल तर हा अनंतकाळ थांबेल. ‘फास्ट’ सगळ्यांची जोडणी तोडतो, अर्धवट व्यवहार मागे फिरवतो, सगळं डिस्कवर उतरवतो आणि मग थांबतो. ‘इमिजिएट’ काहीच न उतरवता थांबतो आणि पुढच्या वेळी उठताना व्यवहारांच्या लॉगवरून दुरुस्ती करत बसतो. ९.५ या आवृत्तीपासून मूळ सेटिंग ‘फास्ट’ आहे आणि तुम्हाला तेच हवं. डेटाबेस मोठा असेल तर बंद करण्याआधी ‘चेकपॉइंट’ ही कमांड देऊन घ्या, म्हणजे साचलेलं बरंचसं लिखाण आधीच उतरतं आणि प्रत्यक्ष बंद व्हायला कमी वेळ लागतो. मग पोस्टग्रेस आपले निरोप लिहितो त्या लॉगची शेवटची ओळ वाचा. ‘डेटाबेस सिस्टिम इज शट डाऊन’ अशी ओळ यायलाच हवी. ती दिसेपर्यंत पुढची पायरी नाही.

मग उबुंटू. इथे ‘शटडाऊन’ कमांडला वेळ आणि निरोप दोन्ही देता येतात. ‘+१०’ दिलं तर दहा मिनिटांनी बंद, आणि लॉगिन असलेल्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर निरोप. शेवटची पाच मिनिटं उरली की नवं लॉगिन बंद होतं. काहीच वेळ दिला नाही तर एक मिनिट धरलं जातं. मन बदललं तर त्याच कमांडला ‘-सी’ लावून रद्द करता येतं.

‘हॉल्ट’ आणि ‘पॉवरऑफ’ यांतला फरक मात्र ध्यानात असू द्या. ‘हॉल्ट’ सिस्टिम थांबवतो पण वीज चालू ठेवतो. पंखे फिरत राहतात, स्क्रीनवर ‘सिस्टिम हॉल्टेड’ एवढंच लिहिलेलं राहतं. एटीएक्स पॉवर सप्लाय यायच्या आधी, म्हणजे १९९५च्या आसपासपर्यंत, साध्या पीसीला सहसा स्वतःची वीज स्वतः तोडता येत नव्हती. सिस्टिम थांबवायची आणि मग माणसाने स्विच दाबायचा, अशी ती जुनी रीत आहे. घरून रिमोटने ‘हॉल्ट’ दिलात तर मशीन बंदही नसतं आणि चालूही नसतं, आणि कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत तसंच राहतं. तुम्हाला ‘पॉवरऑफ’ हवं.

रिमोटवरूनच आठवलं: एकाच वेळी चार टर्मिनल उघडी असतात आणि कमांड भलत्याच मशीनवर जाते. डेबियन आणि उबुंटूवर ‘मॉली-गार्ड’ नावाचं छोटं पॅकेज मिळतं. एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, कुणी मशीन बंद करायला गेलं तर ते आधी त्या मशीनचं नाव टाईप करायला लावतं, आणि नाव चुकलं तर बंद होऊ देत नाही. एका आयबीएम ४३४१ मशीनचा मोठा लाल स्विच एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या छोट्या मुलीने एका दिवसात दोनदा दाबला, म्हणून त्यावर प्लास्टिकचं झाकण बसवलं गेलं. त्या झाकणाला मिळालेलं नाव आजही वापरात आहे. हे पॅकेज आजच बसवून घ्या.

कमांड दिल्यावर सिस्टिमडी (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) प्रत्येक सर्व्हिसला आधी नम्रपणे थांबायला सांगतो आणि साधारण ९० सेकंद वाट बघतो. तेवढ्यात थांबली नाही तर तो तिला मारून टाकतो. या काळात स्क्रीनवर लाल तारका डावीउजवीकडे सरकत राहतात आणि शेजारी ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’ अशी ओळ, पुढे किती वेळ झाला आणि किती उरला याचे आकडे. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि बोट बटणाकडे जातं. थांबा. त्या ओळीत कुठली सर्व्हिस अडली आहे तिचं नाव असतं. ते लिहून घ्या, मोबाईलवर फोटो काढा. काही सर्व्हिसना मुद्दाम ९० सेकंदांहून बराच जास्त वेळ दिलेला असतो, विशेषतः डेटाबेसना. आकडे पुढे सरकताहेत तोवर काम चालू आहे.

आकडेच थिजले, कीबोर्डला प्रतिसाद नाही, दहा-पंधरा मिनिटं गेली, तरीही बटणाच्या आधी एक उपाय उरतो. ‘ऑल्ट’ आणि ‘सिसआरक्यू’ (बहुतेक कीबोर्डवर ही प्रिंट स्क्रीनचीच की असते) दाबून धरून ‘एस’, काही सेकंदांनी ‘यू’, आणखी काही सेकंदांनी ‘ओ’. पहिल्याने उरलेलं लिखाण डिस्कवर जातं, दुसऱ्याने डिस्क फक्त वाचण्यापुरत्या उरतात, तिसऱ्याने वीज जाते. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये या तिन्हींना परवानगी असते. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर बहुधा फक्त पहिलीला असते. यानेही झालं नाही तर मात्र बटण धरा. तेव्हा ते माफ आहे.

आता यूपीएस. यूपीएसमागे यूएसबीचं पोर्ट असेल तर केबल लावून ‘एपीसीयूपीएसडी’ किंवा ‘नट’, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवा. एपीसीयूपीएसडीच्या मूळ सेटिंगमध्ये बॅटरी ५ टक्के किंवा अंदाजे ३ मिनिटं उरली की बंद करायला सुरुवात होते. तुमचा प्रॉक्समॉक्स एका मशीनसाठीच ३ मिनिटं थांबायला तयार आहे. म्हणजे व्हर्च्युअल मशीन बंद होत असतानाच बॅटरी संपेल. मी ही मर्यादा १५ मिनिटांच्या खाली ठेवत नाही, आणि बॅटऱ्या तीन वर्षांच्या झाल्या की यूपीएसने सांगितलेल्या मिनिटांवर विश्वास ठेवत नाही. गरम खोलीत त्या आणखी लवकर जातात.

यात एक पेच असा आहे, की तो बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसतो. वीज गेली, यूपीएसने सांगितलं, सर्व्हर नीट बंद झाला, आणि दोन मिनिटांनी, बॅटरी संपायच्या आत, वीज परत आली. सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, त्यामुळे बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘वीज आली की चालू हो’ असं सेटिंग असूनही तो उठत नाही. यासाठी दोन्ही सॉफ्टवेअर अगदी शेवटी यूपीएसला ‘तुझं आउटपुट थोड्या वेळाने तोड आणि लाईन आली की परत दे’ असं सांगू शकतात. ते चालू करा आणि एका संध्याकाळी भिंतीवरचा स्विच खरोखर बंद करून चाचणी घ्या. कागदावर सगळ्यांचंच चालतं.

आणि सुट्टीसाठी याच्या नेमकी उलट काळजी घ्यायला हवी. ते ‘वीज आली की चालू हो’ सेटिंग असताना पाच दिवसांत वीज एकदा जरी गेली-आली, तर तुमचा सर्व्हर एसी बंद असलेल्या कुलूपबंद खोलीत आपणहून उठेल आणि तापत बसेल. म्हणून बंद झाल्यावर दोन्ही सर्व्हरच्या पॉवर केबल काढून ठेवा. प्रत्येकाला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही. पूर्ण वीज काढली की बायॉसच्या बटणाएवढ्या बॅटरीची कसोटी लागते. ती संपली असेल तर घड्याळ मागे जातं आणि बूटचा क्रम विसरला जाऊ शकतो, म्हणून त्या सेटिंगचा आधी फोटो काढून ठेवा. कारखान्याची मेन लाईन चालू राहणार असेल तर यूपीएस चार्जिंगवर राहू द्या. मेन बंद होणार असेल तर यूपीएस पूर्ण बंद करा, नाहीतर तो रिकाम्या खोलीत ओरडत बॅटऱ्या तळापर्यंत उपसून टाकेल.

विंडोज सर्व्हरबद्दल जास्त लिहीत नाही, रीत तीच आहे. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०७४ हा क्रमांक दिसला तर कुणीतरी सांगून बंद केलं, ६००८ किंवा ४१ दिसला तर अचानक गेलं. लिनक्सवर ‘लास्ट -एक्स’ हाच इतिहास दाखवतो. आधीचे लोक हा सर्व्हर कसा बंद करायचे, तेही तुम्हाला तिथेच कळेल.

सुट्टीनंतर सगळं उलट क्रमाने, आणि लोक येण्याच्या दोन तास आधी. एसी लावा आणि खोली थंड होऊ द्या. स्विच, मग नॅस, त्याचे सगळे दिवे स्थिर होईपर्यंत थांबा. मग उबुंटू. तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, नॅसचं फोल्डर जोडलं गेलंय का बघा, आणि पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये सुरुवातीच्या ओळी वाचा. ‘डेटाबेस सिस्टिम वॉज शट डाऊन ॲट’ आणि पुढे तुम्ही बंद केल्याची तारीख-वेळ दिसली तर पाच दिवसांपूर्वीचं तुमचं काम बरोबर झालं होतं. तिथे ‘नॉट प्रॉपर्ली शट डाऊन’ असं आलं तर दुरुस्ती संपेपर्यंत कशालाही हात लावू नका. त्यानंतर प्रॉक्समॉक्स, त्यातली मशीन एकेक करून. शेवटी बिलिंगमध्ये स्वतः लॉगिन करा, सुट्टीआधीचं शेवटचं चलन उघडून आकडा कागदाशी ताडून बघा, आणि मग स्टोअरला फोन करा.